पुढची विलीज, मागची महिंद्रा

नगर जिल्ह्यात जुनी जीप कधी नुसती जुनी नसते. ती मिलिटरीची असते. जामखेडपासून अकोल्यापर्यंत कुठंही जा, पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जीप उभी असते आणि मालक ताडपत्रीला हात घालायच्या आधीच तो शब्द उच्चारतो. पुण्यात असल्या वेळी पेशव्यांना कामाला लावतात. आमच्याकडे निजामशाही होऊन गेली, चांदबिबी होऊन गेली, पण गाडी विकताना त्यांचा उपयोग नाही. ‘मिलिटरी’ म्हटलं की पुढचा भाव वीस टक्क्यांनी वर सुरू होतो.

आता याला आधारच नाही असं कसं म्हणावं? रणगाडा दलाचं केंद्र आणि स्कूल नगरला. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र नगरला. देशातल्या गाड्यांच्या चाचण्या घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही नगरलाच. भिंगारच्या पोराला लहानपणी फाटकातून रणगाडा दिसतो, तेव्हा तो हातातला वडापावसुद्धा खाली ठेवत नाही. अशा गावात लष्कराच्या लिलावातून सुटलेली एखादी जीप असणारच. फक्त लिलावात किती सुटल्या आणि आज जिल्ह्यात ‘मिलिटरीच्या’ म्हणून किती फिरतात, याचा ताळा कुणी करायचा नाही.

तीसेक वर्षांपूर्वी या जीपना काडीची किंमत नव्हती. वडापला सोळा माणसं कोंबून आणि टपावर दोन करडं बांधून त्या आठवडी बाजार करायच्या. थकल्या की उसाच्या बांधाला उभ्या राहायच्या आणि त्यांच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मग कुणीतरी पुण्याहून शब्द आणला, ‘रिस्टोअर’. झालं. कोंबड्या उठवल्या गेल्या. आता हायवेवरच्या हॉटेलवाल्याला दारात जीप लागते, कारखानदारांच्या तिसऱ्या पिढीला आजोबांची जीप लागते, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे प्री-वेडिंग शूट. नवरा स्टेअरिंगवर, नवरी बॉनेटवर, मागं डोंगर. ज्या बॉनेटवर एकेकाळी बोकड बसायचा, तिथं बसायचे आता तासावर पैसे पडतात.

आमचे एक मित्र पुणे रोडला हॉटेल चालवतात. त्यांनी असली एक जीप हेरली आणि ती बघायला चौघांचं शिष्टमंडळ नेलं. पैसे देणार म्हणून स्वतः ते. गाडीतलं कळतं म्हणून एक मिस्त्री. व्यवहारातलं कळतं म्हणून त्यांचे मामा, ज्यांची हयात काष्टीच्या बैलबाजारात गेली. आणि गाडीवरच्या पाट्या इंग्रजीत असतात म्हणून मी.

या चौघांत गाडीची खरी पारख कुणाला असेल, तर ती मामांना, असं माझं मत आहे. बैलबाजारातही मालाची शिंगं तासलेली असतात, त्यांना रंग मारलेला असतो, अंगावरून तेलाचा हात फिरवलेला असतो. पण काष्टीचा जाणता माणूस शिंगांकडे बघतच नाही. तो थेट जबडा उघडतो आणि दात मोजतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. वय तिथं लिहिलेलं असतं आणि ते रंगवता येत नाही. जीपच्या बाबतीत सगळा प्रश्न एवढाच, की तिचे दात कुठं असतात.

मालकांनी ताडपत्री ओढली. जीप अशी चकाकत होती, की मिस्त्रीनं तिच्या दारात बघून केस नीट केले. वास्तविक लढाईतल्या जीपचा रंग मुद्दाम विटका, बिनचमकीचा ठेवायचे; शत्रूच्या विमानाला उन्हात चमक दिसू नये म्हणून. शिवाय लढाईतल्या जीपला दारच नव्हतं. ही चार मैलांवरून दिसली असती. बॉनेटवर पांढरा तारा होता, तोही चमकत होता.

“बेचाळीसची आहे,” मालक म्हणाले. “पंडितजींना किल्ल्यात आणलं ना, ती हीच.”

आम्ही गप्प झालो. मित्राचा हात आपोआप खिशावर गेला. नगरच्या किल्ल्याचं नाव निघालं की कुणीही गप्प होतो. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत धरपकड झाली, काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना रेल्वेनं नगरला आणून किल्ल्यात ठेवलं, आणि तिथंच नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. मी आपलं नेमलेलं काम करायला पुढं झालो. डॅशबोर्डवरच्या कप्प्याच्या झाकणावर तीन छोट्या पाट्या होत्या. त्यातल्या एकीवर गाडी लष्कराच्या ताब्यात दिल्याची तारीख असते. मी वाचली. १९४४.

“शेठ, पंडितजी बेचाळीसला आले. गाडी चव्वेचाळीसची आहे.”

मालकांनी पापणी हलवली नाही. “मग नेताना नेलं असंल.”

आता हे खोडून काढणं अवघड. नेहरूंना मार्च १९४५ मध्ये किल्ल्यातून हलवलं, हे खरं. चव्वेचाळीसची जीप पंचेचाळीसला हजर असू शकते, हेही खरं. या माणसानं दोन वर्षांची चूक एका वाक्यात पदरात पाडून घेतली होती आणि पंडितजींना आहे तिथंच बसवून ठेवलं होतं. मामांनी माझ्या कानात सांगितलं, “पाटीचं सोड. शिंगं आहेत ती.” आणि मामांचं बरोबर होतं. असल्या पाट्या नव्या करून मिळतात, आणि त्यावर तारीख कुठली ठोकायची हे आपणच सांगायचं असतं.

मग मिस्त्री कामाला लागला. त्याचं पहिलं हत्यार म्हणजे जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. ते त्यानं मडगार्डवर लावलं, चिकटलं. बाजूच्या पत्र्यावर लावलं, चिकटलं. मागच्या कोपऱ्यावर लावलं तर टपकन खाली पडलं. “पत्रा नाय, लांबी आहे,” तो म्हणाला. लांबी म्हणजे गॅरेजवाल्यांचं ते पांढरं लुकण, ज्यानं महाराष्ट्रातल्या निम्म्या गाड्यांची अब्रू झाकली आहे. त्यानं मागं जाऊन बोटांनी चाचपलं आणि एक उभी रेघ सापडवली. पलीकडे दुसरी.

या दोन रेघांत सगळी कहाणी होती. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला, म्हणजे विलीज एमबी किंवा तिचीच फोर्डनं बनवलेली जुळी बहीण जीपीडब्ल्यू हिला, मागं उघडणारी फळी नव्हतीच. मागचा पत्रा सलग, त्यावर स्टेपनी. लढाई संपल्यावर विलीजनं शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली, तेव्हा माल चढवायला फळी आली आणि स्टेपनी बाजूला गेली. महिंद्रांनी मुंबईत जुळणी सुरू केली ती या नागरी घराण्याची. म्हणजे मागच्या फळीच्या फटी वेल्डिंगनं बुजवून, वर लांबी फासून, ‘महायुद्धातली’ करून टाकलेली ही गाडी मुळात कुणा शेतकऱ्याची होती.

“पुढची जाळी बघा की,” मालक म्हणाले. “नऊ खाचा आहेत. मोजून घ्या.”

मोजल्या. नऊच होत्या. लष्करी जीपच्या तोंडाला नऊ उभ्या खाचा असतात, नागरी जीपला सात. एवढं ज्ञान हल्ली प्री-वेडिंगवाल्या फोटोग्राफरलाही असतं. त्यामुळे नऊ खाचांची नवी जाळी बाजारात कधीच आली आहे. तोंड बदलणं सगळ्यात सोपं. पण मिस्त्रीनं बॉनेट उघडून दिव्याच्या मागं हात घातला. खऱ्या लष्करी जीपचा दिवा बिजागरीवर असतो. मागची चापाची चक्री सैल केली, की अख्खा दिवा उलटा वळतो आणि रात्री इंजिनावर उजेड पाडतो. कुणी शोधलं असेल ते असो, त्याला नगर-मनमाड रस्त्यावर रात्री गाडी बंद पडण्याचा अनुभव नक्की असणार. या जीपचा दिवा वळेना. बोल्टानं पक्का आवळला होता.

“गंजला असंल,” मालक म्हणाले.

“शेठ, बोल्टावर रंग पण लागला नाय अजून,” मिस्त्री म्हणाला.

मग ड्रायव्हरची सीट. लष्करी जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, आणि पेट्रोल भरायचं तर त्यानं उठायचं, सीट उचलायची. नागरी जीपला तोंड बाहेरून. सीट उचलली. खाली टाकी होती, पण तिचं तोंडही बाहेर काढलेलं होतं, म्हणजे दोन्ही पक्षांना खूश ठेवलेलं. आणि स्टेअरिंग उजवीकडे. युद्धातल्या जीपा एकजात डाव्या स्टेअरिंगच्या होत्या.

“मिलिटरीनंच बदलून घेतलं,” मालक म्हणाले. मिलिटरीवर किती ढकलावं याला काही मर्यादा असते, पण आम्ही पाहुणे होतो, चहा येत होता.

चहाबरोबर मालकांनी हुकमाचं पान टाकलं. “नंबर बघा. इंजिन आणि चासीचा नंबर एकच आहे.”

मित्राचा चेहरा फुलला. गाडी कुठलीही असो, नंबर जुळणं म्हणजे सोनं, हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं. अमेरिकेत तर ताकदवान जुन्या मोटारींचा बाजार यावरच उभा आहे. १९६४ मध्ये पॉन्टिअॅक कंपनीनं आपल्या ल माँ या साध्या गाडीवर मोठं इंजिन आणि ‘जीटीओ’ ही तीन अक्षरं असा जादा पॅकेजचा प्रकार काढला. त्या वर्षी बत्तीस हजारांवर जीटीओ गेल्या. पण गाडीच्या नंबरवरून ती जीटीओ आहे की साधी ल माँ, हे तेव्हा कळतच नसे. मग पुढं लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. अक्षरं चिकटवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून तिथं कंपनीच्या जुन्या दप्तरातले कागद काढून आणावे लागतात. १९७१ ची हेमी इंजिनाची प्लिमथ कुडा, उघड्या टपाची, फक्त अकरा बनली होती. त्यातली एक २०१४ मध्ये लिलावात पस्तीस लाख डॉलरला गेली. साध्या कुडाचं टप कापून बारावी करावी, असं कुणाला वाटलं नसेल तर आश्चर्य. आपल्याकडे लोक उगाच बदनाम आहेत.

तर नंबर. मिस्त्री गाडीखाली आडवा झाला. खालून आवाज आला, “पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा आहे. विलीज.” फोर्डनं तिथं उलट्या यू आकाराची पट्टी वापरली होती. फोर्डला स्वतःच्या नावाची हौसही एवढी, की बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा एफ अक्षर कोरायचे. आणि आता असले एफ कोरलेले बोल्ट नवे मिळतात, म्हणजे खोटेपणासुद्धा किती बारकाईनं करता येतो बघा. “पुढची चासी खरी आहे,” मिस्त्री पुन्हा म्हणाला. मित्र अजून फुलला.

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले, आणि म्हणाला, “म्हणूनच नंबर खोटे आहेत.”

हे जरा सावकाश घ्यायला हवं. फोर्डच्या कारखान्यात इंजिन आणि चासीला एकच नंबर पडायचा. विलीजच्या कारखान्यात दोघांचे नंबर वेगवेगळे पडायचे. तिथून गाडी बाहेर पडतानाच ते जुळत नसत. म्हणजे न जुळणारे नंबर असलेली विलीज खरी असू शकते, आणि अगदी तंतोतंत जुळणारी विलीज म्हणजे कुणीतरी पंच आणि हातोडा घेऊन प्रेमानं जुळवलेली. या गाडीचं कुणी इतकं कल्याण केलं होतं, की तेवढ्यावरच ती पकडली गेली. इंजिनाचा नंबर असतो ब्लॉकच्या पुढच्या उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरमागच्या उंचवट्यावर. तिथं मिस्त्रीनं बॅटरी मारून दाखवली: उंचवटा घासून गुळगुळीत केलेला, आणि आकड्यांची ओळ डावीकडून उजवीकडे किंचित चढ घेत गेलेली.

चढ मामांनाही दिसला. “बैलाला दात बसवलेत की हो,” ते म्हणाले.

शेवटी मिस्त्रीनं निकाल दिला तो असा: “पुढची विलीज. मागची महिंद्रा. मधली भिंगारची.”

माझ्या मते यात अपमान काहीच नाही. उलट ही जीप या जिल्ह्याचा जितका प्रामाणिक इतिहास सांगते, तितका एखादी शुद्ध गाडी सांगूच शकणार नाही. मालकांच्या वडिलांनी पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात मॅटेडोरचं डिझेल इंजिन बसवलं होतं, हे चहा पिताना बोलण्याच्या ओघात निघालं. मॅटेडोर बजाज टेम्पोची, बजाज टेम्पो फिरोदियांची, आणि फिरोदिया मूळ नगरचे. म्हणजे वीस वर्षं तिच्या पोटात नगरचंच इंजिन होतं! ते काढून, भंगारात घालून, कुठूनतरी एक गंजकं अमेरिकन इंजिन आणून बसवलं, त्याला ‘मूळ स्वरूप’ म्हणायचं. आरसी बुकात पेट्रोल, टाकीत डिझेल, आणि पेट्रोल इंजिन होतं त्या काळात अडचणीला रॉकेल; असा तिचा संसार झाला. टायर पडले की बाजारातून ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे आणायचे, कारण माप एकच, ६.००-१६. पत्रा सडला की केडगावला नवा ठोकून घ्यायचा. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी पाटीवर एमएच १६ च राहिलं. या जीपचं उलट झालं, आतलं सगळं बदललं आणि नाव मात्र विलीजच राहिलं.

सरकारचं मत मात्र वेगळं आहे. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे, मूळ स्वरूपात पाहिजे, चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. नव्यानं नोंदणी करायची तर वीस हजार रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. शेवटचं कलम ज्यानं घातलं त्याला जीप माहीत असणार. जीपमधून पेट्रोल भरायला जायचं, भरून घरी यायचं, तोवर परत भरायची वेळ होते. कायदा न मोडता माणूस जन्मभर फिरू शकतो.

ज्यांना हात न लावलेली, खोटं न सांगणारी जुनी गाडी बघायचीच आहे, त्यांच्यासाठी नगरला टँक म्युझियम आहे. १९९४ पासून आहे. तिथं रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे, जपानी, ब्रिटिश, अमेरिकन रणगाडे आहेत, पॅटन आहे. तिथं कुणी नंबर जुळवत बसत नाही, कारण विकायचंच नाही. तरी मी गेलो होतो तेव्हा एका गृहस्थांनी पॅटनभोवती पूर्ण चक्कर मारली, पोलादावर टिचकी वाजवली आणि बायकोला सांगितलं, “पत्रा जाड आहे.”

राहिला भाव. मालकांनी आकडा सांगितला तेव्हा आमच्या मित्रांच्या हातातली बशी वाजली. मिस्त्रीनं शांतपणे सांगितलं, की जीपचं वजन साधारण अकराशे किलो, त्यातली लांबी वजा करून भंगाराचा भाव अमुक, त्यावर पुढच्या खऱ्या चासीचे अमुक, इंजिनाचे अमुक. “आणि पंडितजींचे?” मालकांनी विचारलं. “त्यांचे वेगळे पडणार नाहीत,” मिस्त्री म्हणाला.

तेव्हा मामा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढला, मालकांच्या हातावर टाकला आणि खाली हात घातला. काष्टीला असाच व्यवहार होतो. टॉवेलखाली बोटं दाबायची, आकडा आजूबाजूच्याला कळता कामा नये. दोघं एकमेकांकडे बघत होते, टॉवेल मधूनमधून हलत होता. मालकांनी दोनदा मान हलवली, मामांनी एकदा हात काढून घेतला, पुन्हा घातला. पाच मिनिटांत सौदा झाला. किती, ते मित्रानं बायकोला सांगितलेलं नाही, तेव्हा मी इथं लिहिणं बरं नव्हे.

जीप आता हॉटेलच्या दारात उभी आहे. नवरा-नवरी येतात, फोटो काढतात, कुणी खाचा मोजत नाही. मालकांचा पंडितजींचा किस्सा मित्रानं चुकूनही सोडलेला नाही, फक्त ‘आणलं’ ऐवजी ‘नेलं’ अशी दुरुस्ती करून घेतली आहे. माझ्या हिशोबानं त्यानं थोडे जास्तच मोजले; पण जीपचे नव्हे, किश्श्याचे, आणि तो त्याचे पैसे वसूल करतो आहे.

तुम्ही कधी आमच्याकडे जीप बघायला आलात तर एवढं करा: पाटी वाचू नका, तारा बघू नका, नऊ खाचा मोजू नका. ड्रायव्हरची सीट उचला, मागच्या पत्र्यावर चुंबक फिरवा, आणि विलीजचे नंबर जुळत असतील तर चहा पिऊन निघा. मिस्त्री बरोबर आणा, पण आपला आणा. गाडी विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री नगरमध्ये फार पटकन सापडतो.